होमिओपॅथिक औषधनिर्मिती कार्यशाळा

वनस्पती, शिंपले, खनिजे, मीठ, कोळसा यांसारख्या नैसर्गिक पदार्थांपासून होमिओपॅथीची औषधे कशी तयार होतात, हे स्वतःच्या हातांनी करून पाहण्याचा शिक्षणप्रकार. काही तासांपासून काही दिवसांपर्यंत चालणाऱ्या अशा कार्यशाळा अर्क काढणे, खलणे, विरल करणे आणि झटके देणे या चार कामांभोवती फिरतात. होमिओपॅथीचे विद्यार्थी, व्यवसाय करणारे डॉक्टर, औषधी वनस्पतींचे हौशी आणि निव्वळ कुतूहलापोटी आलेली माणसे असा मिश्र वर्ग तिथे जमतो. औषध म्हणून हातात पडणाऱ्या पांढऱ्या गोळ्या दिसायला सगळ्या सारख्याच. एकीच्या मागे शिंपला आहे, दुसरीच्या मागे माकूळ या सागरी प्राण्याची शाई आणि तिसरीच्या मागे साधे मीठ, हे कार्यशाळेत मूळ पदार्थ समोर ठेवल्यावर कळते.

स्वतः औषध करण्याचा आग्रह

होमिओपॅथीचे प्रवर्तक सॅम्युएल हानेमान (१७५५–१८४३) यांनी १७९० मध्ये सिंकोनाची साल स्वतः घेऊन पाहिली, १७९६ मध्ये ‘समाने समाचे शमन’ (निरोगी माणसात जो पदार्थ जी लक्षणे उठवतो, तोच तशा लक्षणांच्या आजारावर द्यावा) हे तत्त्व लेखातून मांडले आणि १८१० मध्ये ‘ऑर्गेनॉन’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. एवढा इतिहास बहुतेकांना माहीत असतो. वैद्याने औषध स्वतः बनवावे आणि स्वतःच द्यावे, याबाबत ते किती हटून बसले होते, हे मात्र कमी सांगितले जाते. लाइपझिगच्या औषधविक्रेत्यांना ही आपल्या हक्कावरची गदा वाटली. त्यांच्या तक्रारीनंतर १८२० मध्ये हानेमान यांच्यावर निर्बंध आले आणि पुढच्याच वर्षी ते केथेन या छोट्या संस्थानात गेले. तिथल्या ड्यूकने त्यांना औषधे बनवण्याची मोकळीक दिली होती. पुढे कारखाने उभे राहिले, निरनिराळ्या देशांच्या होमिओपॅथिक औषधसंहिता (औषधे बनवण्याचे अधिकृत नियमग्रंथ) निघाल्या आणि घरचा खल मागे पडला. आजच्या कार्यशाळा त्याच जुन्या आग्रहाचे उरलेले रूप म्हणता येतील, फक्त आता हेतू बहुधा शिकण्याचा असतो, पुरवठ्याचा नाही.

वनस्पतींचा अर्क

पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये उतरणारा पदार्थ असेल तर सुरुवात मदर टिंक्चरने, म्हणजे मूळ अर्काने होते. ताजी वनस्पती ठेचून रस काढायचा, त्यात तितकेच तीव्र अल्कोहोल मिसळायचे, घट्ट झाकणाच्या बाटलीत दिवसभर ठेवायचे आणि गाळ खाली बसला की वरचे स्वच्छ द्रव ओतून घ्यायचे, ही हानेमान यांची मूळ रीत. चिकट रसाच्या वनस्पतींना, उदाहरणार्थ सिम्फायटमला, ते दुप्पट अल्कोहोल घ्यायला सांगतात. आधुनिक संहितांमध्ये प्रमाण वनस्पतीतल्या ओलाव्यावरून ठरते. त्यासाठी थोडा नमुना वाळवून आधीचे व नंतरचे वजन ताडून पाहतात. पाल्यात मुळात पाणी किती होते हे कळल्याशिवाय अल्कोहोल किती पातळ होणार हे कळत नाही आणि ते फार पातळ झाले तर अर्क नासतो.

या टप्प्यावर पदार्थ अगदी जवळ असतो. हायपेरिकमची पिवळी कळी दोन बोटांत चुरगळली की बोटे जांभळट लाल होतात, कॅलेंडुलाच्या पाकळ्या निवडताना हाताला राळेसारखा चिकटपणा येतो. वनस्पती नीट ओळखणे हे इथले खरे कौशल्य असते आणि त्यात चूक झाली तर पुढचे सगळे व्यर्थ. गाजराच्या कुळात खाण्याजोग्या भाज्या आहेत आणि हेमलॉकसारखे जीवघेणे विषही आहे, दोन्हींची पाने नवख्याला सारखीच दिसतात. रानातून खुडण्यावरही मर्यादा असतात. अर्निका मोंटाना ही या शास्त्रातली सर्वांत प्रसिद्ध वनस्पती युरोपीय संघाच्या अधिवास निर्देशात अशा जातींमध्ये आहे, ज्यांच्या तोडणीवर नियंत्रण ठेवता येते. म्हणून जाणते आयोजक लागवडीचीच रोपे वापरतात.

खलाचा तास

शिंपला, गारगोटी, सोने, पारा, ग्रॅफाइट असे पदार्थ अल्कोहोलमध्ये विरघळत नाहीत. ते दुग्धशर्करेबरोबर खलावे लागतात. या क्रियेला ट्रिट्युरेशन म्हणतात आणि कार्यशाळेचा बराचसा वेळ तीच खाते.

उदाहरण म्हणून कॅल्केरिया कार्बोनिका घेऊ. कालवाचा शिंपला फोडून बाहेरचा खडबडीत थर आणि आतला चकचकीत थर सोडायचा, मधला पांढराशुभ्र भाग तेवढा खरवडून घ्यायचा. त्यातला ०.१ ग्रॅम आणि दुग्धशर्करा ९.९ ग्रॅम. शर्करेचे तीन सारखे भाग करतात. पहिला भाग खलात घालून वर शिंपल्याची पूड टाकायची, सहा-सात मिनिटे खलायचे, मग तीन-चार मिनिटे खलाच्या तळाला आणि बत्त्याला चिकटलेले सगळे चिनी मातीच्या पट्टीने खरवडून मोकळे करायचे. पुन्हा तेवढेच खलणे, तेवढेच खरवडणे. मग दुसरा भाग, मग तिसरा. एका भागाला वीस मिनिटे या हिशेबाने तास भरतो आणि पहिली पायरी, १ सी (सी म्हणजे शंभरात एक भाग), तयार होते. त्यातला ०.१ ग्रॅम घेऊन नव्या शर्करेबरोबर आणखी एक तास, मग आणखी एक. तीन तासांनंतर हाती येते ते ३ सी, म्हणजे दहा लाखांत एक भाग.

कागदावर हे कंटाळवाणे वाटते. खलावर बसल्यावर बारकावे समजतात. खल आतून गुळगुळीत झिलईचा असेल तर कण नुसते सरकत राहतात, म्हणून तळ खरखरीत हवा. हानेमान तो ओल्या वाळूने घासून घ्यायला सांगतात. दुग्धशर्करेचे दाणे कडक असतात आणि तेच शिंपल्याला झिजवतात. सुरुवातीला बत्त्याखाली करकर आवाज येतो, काही मिनिटांत तो मऊ पडतो आणि शेवटी जवळजवळ ऐकूच येत नाही. जोर फार लावला तर पूड तळाला थापल्यासारखी बसते आणि खरवडण्याच्या चार मिनिटांत सुटत नाही. नवखा माणूस हमखास इथेच चुकतो, दमही लवकर लागतो आणि काम मात्र कमी होते. मनगट सैल ठेवून, मधून कडेकडे आणि कडेकडून पुन्हा मधे अशी गोल फेरी धरली की तास निभावतो. सराईत माणसे हात बदलत राहतात.

झटके आणि बाटल्या

तिसऱ्या पायरीनंतर पूड पाणी व अल्कोहोल यांच्या मिश्रणात घेता येते आणि पुढचे काम बाटलीत चालते. एक भाग द्रव, ९९ भाग नवे अल्कोहोल, बूच घट्ट, मग झटके. हे झटके म्हणजे नुसते हलवणे नव्हे. बाटली मुठीत धरून कठीण पण किंचित लवचीक वस्तूवर आपटायची असते आणि त्यासाठी हानेमान यांनी सुचवलेली वस्तू म्हणजे चामड्याच्या बांधणीचे पुस्तक. कार्यशाळांत आजही जाडजूड पुस्तक टेबलावर ठेवलेले दिसते. झटके किती, यावर स्वतः हानेमान यांचे मत आयुष्यभर बदलत गेले. एके काळी दोन पुरेत म्हणणाऱ्या या माणसाने ऑर्गेनॉनच्या सहाव्या आवृत्तीत पन्नास हजारी पोटेन्सीसाठी, म्हणजे पायरीगणिक पन्नास हजार पटीने विरल केलेल्या औषधासाठी, शंभर सांगितले. ही आवृत्ती त्यांच्या मृत्यूनंतर, १९२१ मध्ये छापली गेली.

हानेमान यांच्या रीतीत प्रत्येक पायरीला नवी बाटली लागते, म्हणजे ३० सी साठी टेबलावर बाटल्यांची रांगच. रशियन अधिकारी सेम्यॉन कोर्साकोव्ह यांनी सोपी वाट काढली. बाटली पालथी करून रिकामी करायची, आतल्या भिंतीला चिकटून राहिलेले द्रव हाच एक भाग मानायचा आणि तीच बाटली पुन्हा भरायची. पहिल्या रीतीच्या लेबलावर सीएच आणि दुसऱ्या रीतीच्या लेबलावर के लिहितात. शंभराऐवजी दहाच्या पटीत विरल करण्याची एक्स किंवा डी मालिका कॉन्स्टंटाइन हेरिंग यांच्या नावाशी जोडली जाते. शेवटी तयार द्रवाचे काही थेंब साखरेच्या गोळ्यांवर टाकून बाटली फिरवतात आणि गोळ्या कोरड्या होऊ देतात.

पदार्थ कुठे संपतो

हा प्रश्न कार्यशाळेत कुणीतरी विचारतोच आणि वरच्या उदाहरणात त्याचे उत्तर काढणे सोपे आहे, कारण ०.१ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटमध्ये रेणू असतात ६ वर २० शून्ये इतके. पहिल्या पायरीत हे सगळे असतात; त्यानंतरच्या प्रत्येक पायरीला शंभरातला एकच भाग पुढे जातो, म्हणजे दोन शून्ये गळतात. तयार मालाचे वजन दर वेळी दहा ग्रॅमच्या आसपास धरले, तर दहाव्या पायरीला सगळ्या बाटलीत सुमारे ६०० रेणू उरतात, अकराव्याला ६. बाराव्याला उरतो तो संभव: अशा शंभर बाटल्या केल्या तर सहांमध्ये एखादा रेणू सापडेल. ३० सी पर्यंत अजून अठरा पायऱ्या बाकी असतात. शिवाय दुग्धशर्करा दुधापासूनच येते आणि तिच्यात कॅल्शियमचा अंश मुळातच राहिलेला असू शकतो, त्यामुळे शिंपल्याचे कॅल्शियम आणि शर्करेचे कॅल्शियम वेगळे ओळखण्याची सोय बाराव्या पायरीच्या कितीतरी आधी संपते.

हानेमान यांना हा हिशेब करणे शक्य नव्हते. ठराविक आयतनात रेणू किती, याचा पहिला अंदाज योहान लोश्मिट यांनी १८६५ मध्ये दिला, तेव्हा हानेमान यांना जाऊन बावीस वर्षे झाली होती. खलणे व झटके यांनी पदार्थाची ‘शक्ती’ मोकळी होते आणि ती पुढे टिकते, असे होमिओपॅथीचे म्हणणे आहे. भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र यांत त्याला आधार मिळालेला नाही.

खलताना येणारे अनुभव

१९९० च्या दशकात जर्मनीत युर्गेन बेकर आणि विटोल्ड एर्लर यांच्या पुढाकाराने चौथा तासही खलण्याची प्रथा सुरू झाली, तिला सी-४ ट्रिट्युरेशन म्हणतात. अशा कार्यशाळेत मंडळी गोलाकार बसून एकाच पदार्थावर काम करतात आणि मनात येणारे विचार, शरीरातल्या संवेदना, आठवणी, रात्रीची स्वप्ने वहीत टिपतात. काही वेळा पदार्थाचे नाव शेवटपर्यंत गुप्त ठेवतात. या नोंदींतून पदार्थाचे ‘स्वरूप’ उलगडते, असा दावा असतो. खुद्द होमिओपॅथांमध्येही यावर मतभेद आहेत. परंपरावाद्यांच्या मते औषध पोटात न घेता केलेली ही चाचणी हानेमान यांच्या पद्धतीत बसत नाही.

चार तास एका लयीत बत्ता फिरवणाऱ्या माणसाचा खांदा दुखतो, चिडचिड होते, मधेच हसू फुटते, कधी डोळ्यांत पाणीही येते. खलात काहीही असले तरी हे होईलच. शेजारच्या खलात नुसती दुग्धशर्करा ठेवली असती आणि कोणता खल कोणाचा हे कुणालाच ठाऊक नसते, तर या वह्यांना पुरावा म्हणून काही किंमत आली असती. एवढी साधी तजवीज सहसा केलेली नसते. अनुभव म्हणून मात्र तो तास खरा असतो, हे बसलेली माणसे सांगतात आणि त्यात खोटे काही नाही.

परिणामकारकता आणि धोके

औषध कसे करावे हे कार्यशाळा शिकवते. ते गुणकारी आहे का, हा प्रश्न वेगळा आहे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये १७६ अभ्यासांची छाननी करून, होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा एकाही आजाराबाबत नाही, असा निष्कर्ष काढला. ब्रिटिश संसदेच्या विज्ञान व तंत्रज्ञान समितीनेही २०१० मध्ये ती प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा, सरस नसल्याचे म्हटले. तेव्हा कार्यशाळेत बनवलेल्या बाटलीच्या भरवशावर चालू उपचार थांबवणे धोक्याचे ठरते.

दुसरा धोका अगदी उलट टोकाचा आहे. उंच पोटेन्सीत, म्हणजे फार विरल केलेल्या औषधात, काही उरत नाही, पण मूळ अर्कात आणि पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत पदार्थ भरपूर असतो. बचनाग, बेलाडोना, कुचला, सोमल, पारा यांचे काम नवख्यांच्या टेबलावर करू नये. कारखान्यांतही गफलत होते: अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला जानेवारी २०१७ मध्ये बाळांच्या दातांसाठी विकल्या जाणाऱ्या होमिओपॅथिक गोळ्यांत बेलाडोनाचे प्रमाण लेबलाशी न जुळणारे आणि गोळीगणिक वेगळे आढळले. तीव्र अल्कोहोल पटकन पेटते, म्हणून जवळपास ज्योत नको. तयार औषध विकायचे किंवा रुग्णांना द्यायचे तर बहुतेक देशांत निर्मितीचा परवाना लागतो, कार्यशाळेचे प्रमाणपत्र त्याला पुरत नाही.

साफसफाई

शेवटचा अर्धा तास भांडी धुण्यात जातो आणि सहभागींचा उत्साह तेव्हा ओसरलेला असतो. पण अतिसूक्ष्म मात्रेवर विश्वास असेल तर मागच्या औषधाचा कणभर अंश हीसुद्धा मोठी भेसळ ठरते. हानेमान यांनी ही अडचण ओळखली होती. खल, बत्ता आणि पट्टी गरम पाण्याने धुऊन कोरडी करा, मग अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवा, असे ते सांगतात. आणि ज्याला एवढ्यानेही खात्री वाटत नसेल, त्याने ती निखाऱ्यांवर लाल होईपर्यंत तापवावीत.