ऑपरेशनला दोन वर्षं झाली म्हणजे केस संपली? नाही हो

आमच्या रत्नागिरीकडे हे ठामपणे सांगतात, की ऑपरेशनच्या तारखेपासून दोन वर्षं उलटली की डॉक्टरची चूक असली तरी त्याच्यावर काहीच करता येत नाही. वाडीतल्या एका काकूंनी हेच ऐकून फाईल तांदळाच्या डब्यामागे टाकून दिलेली, डिस्चार्ज कार्डाला बुरशी धरली होती, बघून जीव तुटला.

२०१९ च्या ग्राहक कायद्याच्या कलम ६९ मध्ये दोन वर्षं आहेत हे खरं, पण ती तक्रारीचं कारण घडल्यापासून मोजतात. पोटात गॉज (ऑपरेशनमध्ये रक्त टिपायला वापरतात ते जाळीदार कापड) राहिला आणि काहीच जाणवलं नाही, तर तो सापडला तेव्हापासून मुदत चालू होते, २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने हे तत्त्व मांडलंय.

पण त्याच निकालातली दुसरी बाजू कुणी सांगत नाही! गोव्यातल्या एका नर्सचं १९९३ ला ऑपरेशन झालेलं, गॉज निघाला २००२ ला, तक्रार २००४ ला, आणि ती फेटाळली गेली, कारण इतकी वर्षं पोट दुखत असून त्या सर्जनकडे परत गेल्याच नव्हत्या. म्हणजे त्रास होत असेल तर "गणपती झाले की बघू" करत बसू नका, लगेच दाखवा आणि कागद घ्या.

उशीर झालाच तर सबळ कारण देऊन तो उशीर माफ करावा असा अर्ज करता येतो. आणि रेकॉर्ड आधी मागा, कारण डॉक्टरांवर ते तीनच वर्षं जपायचं बंधन आहे, मागितल्यावर ७२ तासांत द्यावं लागतं. काकूंची फाईल आता उन्हात वाळत घातलीय.