कामगार नुकसानभरपाई : मानसिक ताणजन्य इजा (ठाणे–नवी मुंबई)

कामामुळे जडलेल्या किंवा बळावलेल्या मानसिक आजाराबद्दल कामगाराला मालकाकडून अथवा विमा योजनेतून मिळू शकणारी भरपाई. भारतीय कायद्यात अशा इजेची वेगळी नोंद नाही. १९२३ चा नुकसानभरपाई कायदा (अंमल १ जुलै १९२४) ‘कामातून आणि कामाच्या ओघात घडलेल्या अपघाताने’ झालेली इजा भरून देत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली. मात्र कलम ७४ मध्ये कसोटी जवळपास तीच राहिल्याने जुन्या निवाड्यांचे महत्त्व कमी झालेले नाही.

सगळा वाद ‘अपघात’ या अटीभोवती आहे. ती ब्रिटनच्या १८९७ व १९०६ च्या कायद्यांतून आली. फेंटन विरुद्ध थॉर्ली (१९०३) या खटल्यात यंत्राचे चाक जोर लावून फिरवताना एका कामगाराला अंतर्गळ (हर्निया) झाला होता. बाहेरून काहीही आदळले नव्हते, तरी अनपेक्षित अनिष्ट घटना म्हणून हाऊस ऑफ लॉर्ड्सने (ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने) तो अपघात मानला. यीट्स विरुद्ध साउथ कर्बी कोलियरीज (१९१०) यात अपील न्यायालय आणखी पुढे गेले. गंभीर जखमी सहकाऱ्याला उचलणाऱ्या खाणकामगाराला बसलेला मानसिक धक्काही इजा ठरला. म्हणजे शरीराला ओरखडा नसला तरी भरपाई मिळू शकते, हे तत्त्व भारतीय कायदा होण्याआधीच मान्य झाले होते. प्रश्न उरतो तो महिनोन्महिने साचणाऱ्या ताणाचा. त्याला तारीख नसते, वेळ नसते, साक्षीदारही बहुधा नसतो.

भारतात हा प्रश्न मुख्यतः हृदयविकाराच्या खटल्यांतून पुढे आला. लक्ष्मीबाई आत्माराम विरुद्ध मुंबई पोर्ट ट्रस्ट (१९५३) या प्रकरणात हृदयविकार असलेला पहारेकरी कामावर असताना छातीत दुखू लागून मरण पावला होता. नोकरी हे मृत्यूचे एक सहकारण असले किंवा तिच्यामुळे मृत्यू लवकर ओढवला असला तरी पुरे, असे मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये शकुंतला श्रेष्ठी प्रकरणात या भूमिकेला आवर घातला : कामावर मृत्यू आला एवढ्यावर भागत नाही, कामाचा ताण पुराव्याने दाखवावा लागतो. २०१२ मध्ये परमपाल सिंग प्रकरणात त्याच न्यायालयाने लांब पल्ल्याच्या ट्रकचालकाच्या बाबतीत कामाचे स्वरूपच ताणाकडे बोट दाखवते असे मानून भरपाई दिली. पुराव्याची अट रास्त आहे. परंतु कायद्याचा कल्याणकारी हेतू पाहता १९५३ ची भूमिका त्याला अधिक धरून आहे.

मनाच्या आजाराशी सर्वांत जवळचा खटला मॅकिनन मॅकेन्झी विरुद्ध इब्राहिम महंमद इसाक (१९६९) हा. डिसेंबर १९६१ मध्ये इराणच्या आखाताकडील सफरीत एका खलाशाने छातीत दुखणे व निद्रानाश यांची तक्रार केली, त्याला झोपेचे औषध देण्यात आले आणि पहाटेच्या सुमारास तो जहाजावरून नाहीसा झाला. मुंबई उच्च न्यायालयाने वारसांच्या बाजूने कौल दिला. कामाशी संबंध सिद्ध झाला नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. त्या खलाशाची झोप कशाने उडाली होती, हे निवाड्यातून कळत नाही.

दुसरी वाट व्यावसायिक रोगांच्या अनुसूचीची, म्हणजे कायद्याला जोडलेल्या यादीची. तिच्यात मनोविकार नाहीत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१० च्या सुधारित यादीत मात्र आघातोत्तर ताणविकारासह मानसिक व वर्तनविषयक विकारांचा गट आहे. तरीही एक पळवाट नव्हे, सरळ कायदेशीर मार्ग दुर्लक्षित राहतो. पारा, मँगनीज, शिसे व कार्बन डायसल्फाइड यांमुळे होणारे रोग अनुसूचीत आहेत, आणि ही द्रव्ये मज्जासंस्थेवर परिणाम करतात : पाऱ्याने बुजरेपणा व चिडचिड, मँगनीजने वर्तनबदल व भास, कार्बन डायसल्फाइडने तीव्र मनोविकृती. त्या जागेवर सलग सहा महिने काम झालेले असल्यास आजार कामामुळेच झाला असे १९२३ च्या कायद्याने गृहीत धरले होते. रासायनिक कारखान्यांच्या ट्रान्स-ठाणे खाडी पट्ट्यात (रबाळे, पावणे, तुर्भे) आणि व्हिस्कोस रेयॉनच्या शहाडात ही तरतूद विशेष लागू पडते. चिडचिड, झोप न येणे, विसरभोळेपणा या तक्रारींना घरगुती कारणे चिकटवण्याआधी रक्त-लघवीची तपासणी व्हायला हवी.

महाराष्ट्रात जुन्या कायद्याखाली भरपाईचे दावे निकाली काढणाऱ्या आयुक्ताचे अधिकार कामगार न्यायालयांच्या न्यायाधीशांकडे होते. ठाण्याचे दावे ठाणे कामगार न्यायालयात चालत. दाव्याची मुदत दोन वर्षांची, विलंब सकारण माफ होऊ शके. माथाडी कायदा, १९६९ नुसार वाशीच्या बाजार आवारातील नोंदीत माथाडींनाही भरपाईचा कायदा लागू करण्यात आला. ऐरोली-महापे भागातील संगणक व कॉल सेंटर कर्मचाऱ्यांविषयी नोंदलेले निर्णय विरळ आहेत.

मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत असलेल्यांना (मर्यादा २०१७ पासून) कर्मचारी राज्य विमा योजना लागू होते व मालकाविरुद्ध वेगळा भरपाई दावा करता येत नाही. या योजनेच्या ३४ दीर्घकालीन आजारांच्या यादीत स्किझोफ्रेनिया, अंतर्जात नैराश्य, उन्माद-अवसाद आणि स्मृतिभ्रंश हे येतात. किमान दोन वर्षांची नोकरी व पुरेशी वर्गणी असल्यास अशा रुग्णाला वेतनाच्या ८० टक्के वाढीव आजारलाभ, कमाल दोन वर्षांपर्यंत, मिळू शकतो. हा लाभ कामगार आजारी आहे म्हणून असतो, कामाने इजा केली म्हणून नव्हे. म्हणून त्यात कामाशी संबंध सिद्ध करावा लागत नाही; पण कायमच्या अपंगत्वाचे निवृत्तिवेतन किंवा मृत्यूनंतरचा आश्रितलाभ हवा असेल, तर पुन्हा ‘अपघात’ वा अनुसूचीतील रोग दाखवण्यावाचून गत्यंतर नसते.