चेंडूला दिसणारं भोक

७ ऑगस्ट २०२१. नीरज चोप्राची भालाफेक संध्याकाळी होती, पण एरवी गोल्फकडे ढुंकूनही न बघणारी आमच्यासारखी घरं त्या दिवशी सकाळपासूनच टीव्हीसमोर होती. टोक्यो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक पदकाच्या उंबरठ्यावर होती. शेवटी एका फटक्याने पदक हुकलं आणि ती चौथी आली. मध्ये वादळामुळे खेळ थांबला तेव्हा आमचे मामा म्हणाले, "बरं झालं, तेवढीच विश्रांती. नाहीतरी या खेळात मेहनत कसली? चालायचं आणि मारायचं!"

विश्रांती! गोल्फरला विचाराल तर असा थांबा म्हणजे संकट. पुरुष व्यावसायिकांच्या ड्रायव्हरचं, म्हणजे सगळ्यात लांब फटक्याच्या काठीचं, डोकं चेंडूला भिडताना ताशी १८० किलोमीटरच्या आसपास वेगात असतं. वर नेलेला क्लब (गोल्फची काठी) खाली यायला जेमतेम पाव सेकंद लागतो आणि चेंडूशी त्याचा स्पर्श टिकतो अर्धा मिलिसेकंद. एवढ्या झटक्याच्या कामाला स्नायू गरम लागतात. त्यांचं तापमान १ अंशाने वाढलं की जोर साधारण २ ते ५ टक्क्यांनी वाढतो, कारण ऊर्जा पुरवणाऱ्या रासायनिक क्रिया उष्णतेने वेग घेतात. म्हणून खेळाडू आपल्या वेळेच्या तासभर आधीच येतो, घाम फुटेपर्यंत अंग हलवतो आणि मग सरावपट्टीवर जातो. तिथे सुरुवात छोट्या वेजने, म्हणजे जवळच्या फटक्यांच्या क्लबने, अर्ध्या हाताने. हळूहळू लांब क्लब निघतात, ड्रायव्हर सगळ्यात शेवटी. शाळेतल्या पीटीसारखं पाय ताणून मिनिटभर धरून ठेवणं मात्र खेळाच्या तोंडावर टाळलेलं बरं. त्याने जोर तात्पुरता कमी होतो.

पण मला खरी गंमत वाटते ती पुढच्या टप्प्याची. सरावाच्या ग्रीनवर, म्हणजे पटरने चेंडू लोटायच्या त्या गुळगुळीत कापलेल्या गवतावर, बरेचसे व्यावसायिक आधी भोकाकडे बघतही नाहीत. ते लांबून चेंडू लोटतात आणि तो कुठे थांबतो एवढंच पाहतात.

पावसाळ्यात कॅरम खेळलात ना? बोर्ड जड होतो, पावडर टाकावी लागते, आणि दोनचार स्ट्रायकर मारून पाहिल्याशिवाय हात बसत नाही. ग्रीनचंही तसंच. गवत आज किती कापलं, रोलर फिरला का, दव आहे का, यावर तिचा वेग बदलतो. तो मोजायचं साधन एडवर्ड स्टिम्पसन या हौशी गोल्फरने १९३५ साली शोधलं. साधन कसलं, खाच असलेली एक पन्हळ! खाचेत चेंडू ठेवायचा, पन्हळ हळूहळू उचलायची, साधारण २० अंशांवर चेंडू आपोआप सुटतो. म्हणजे सुटतानाचा वेग दर वेळी सारखाच. मग सपाट जागी तो किती फूट घरंगळतो, ते मोजायचं. सावकाश ग्रीनवर ८ फूट, मोठ्या स्पर्धेच्या ग्रीनवर १२ च्या घरात. ८ फुटांच्या ग्रीनवर जो फटका ८ मीटर जातो, तोच १२ फुटांच्या ग्रीनवर १२ मीटर जाणार. चार मीटरची चूक, आणि हात मात्र कालच्याइतकाच अचूक!

"वेग थोडा चुकला तरी दिशा बरोबर असली की झालं," असं वाटेल. इथेच गोम आहे. भोकाचा व्यास १०८ मिलिमीटर, चेंडूचा सुमारे ४३. चेंडूचा मध्य काठापलीकडे गेला की तो पडायला लागतो. समोरच्या भिंतीला टेकेपर्यंत तो निदान आपल्या त्रिज्येइतका, म्हणजे २१ मिलिमीटर, खाली गेला पाहिजे. नाहीतर काठावर आपटून बाहेर. गुरुत्वाकर्षणाच्या शाळेतल्या सूत्राने (अंतर म्हणजे जीटी वर्ग भागिले दोन) २१ मिलिमीटर पडायला ०.०६६ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात पुढे जायला जागा आहे १०८ वजा २१, म्हणजे ८७ मिलिमीटर. भागाकार करा: सेकंदाला १.३ मीटर. याहून वेगात आलेला चेंडू भोकाच्या मधोमध आला तरी या हिशेबाने पडणार नाही. (प्रत्यक्षात मागच्या काठावर आदळून, वर उडून आत पडलेले चेंडू असतात, म्हणून खरी मर्यादा थोडी वर आहे.)

आता चेंडू मधोमध न येता बाजूने आला तर? त्याच्या वाट्याला व्यास येत नाही, जीवा येते, आणि ती व्यासापेक्षा लहान. पायथागोरस लावून पाहिलं तर सेकंदाला १ मीटर वेगाने येणाऱ्या चेंडूसाठी १०८ मिलिमीटरचं भोक उरतं सुमारे ६४ मिलिमीटरचं. १.३ मीटरला ते होतं १५ मिलिमीटर, आपल्या अंगठ्यापेक्षाही अरुंद! आणि मरत मरत काठावर पोचणाऱ्या चेंडूला जवळजवळ पूर्ण भोक मिळतं. गोट्या खेळताना जोरात मारलेली गोटी गलीवरून उडून जायची, ती याच हिशेबाने. म्हणजे ग्रीनचा वेग ओळखणारा खेळाडू स्वतःसाठी भोक मोठं करून घेत असतो.

हे सगळं फुकटात मिळतं, तरी मनगटावर "ऊर्जा संतुलित" करणारे होलोग्रामचे पट्टे बांधणारे खेळाडू होतेच. असे पट्टे विकणाऱ्या एका कंपनीला २०१० साली ऑस्ट्रेलियात जाहीर कबूल करावं लागलं, की आमच्या दाव्यांना विश्वासार्ह वैज्ञानिक पुरावा नाही. आपल्याकडच्या तांब्याच्या कड्यांकडून अजून कोणी कबुली मागितलेली नाही.

सामन्याच्या सकाळचं हे झालं. शिकण्याचा सराव वेगळा. गोल्फर फिल मिकलसनचा एक सराव प्रसिद्ध आहे: भोकाभोवती तीन फुटांवर चेंडूंचं कडं करून सलग शंभर आत घालायचे, एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून. चिकाटीला सलाम, पण एकच फटका घोकण्याबद्दल मानसशास्त्राचं म्हणणं जरा वेगळं आहे. शे आणि मॉर्गन यांनी १९७९ साली हाताच्या हालचालींचे तीन प्रकार लोकांना शिकवले. एका गटाला एकेक प्रकार सलग, दुसऱ्याला सरमिसळ करून. सरावात पहिला गट पुढे होता. दहा दिवसांनी चाचणी घेतली, तर सरमिसळवाले सरस. दर वेळी प्रकार बदलला की मेंदूला हालचाल नव्याने जुळवावी लागते, आणि ती जुळवाजुळव म्हणजेच शिकणं.

गोल्फचा सामना तर सरमिसळच. म्हणून बरेच व्यावसायिक सरावपट्टीवरची शेवटची काही मिनिटं पहिलं होल मनातल्या मनात खेळतात: आधी ड्रायव्हर, मग कल्पनेत चेंडू जिथे पडला तिथून लागेल तो क्लब, मग वेज. निघण्याआधीचा शेवटचा चेंडू बहुतेक वेळा पहिल्या टीवर, म्हणजे खेळ सुरू करायच्या जागी, हातात असेल त्याच क्लबने मारलेला असतो.