फेझला जायचंय? मोरोक्कोचा ई-व्हिसा नेमका अडतो कुठे

फेझला जायला आपल्याला मोरोक्कोचा ई-व्हिसा घरबसल्या मिळतो, दूतावासात खेटे घालावे लागत नाहीत. पासपोर्टची मुदत ६ महिने तरी शिल्लक हवी. पासपोर्टचं स्कॅन, फोटो, राहण्याचं बुकिंग जोडायचं, कार्डाने फी भरायची. साध्या अर्जाला ७७० मोरोक्कन दिरहॅम आणि ७२ तास, तातडीच्या अर्जाला ११०० दिरहॅम आणि २४ तास. हे तास कामकाजाच्या दिवसांचे, त्यामुळे शुक्रवारी रात्री पैसे भरून रविवारच्या विमानाची आशा धरू नका. सरकारी पोर्टलचा पत्ता ‘डॉट एमए’ने संपतो. सर्चमध्ये सगळ्यात वर दिसणाऱ्या बऱ्याच साइट एजंटांच्या असतात आणि वर कमिशन लावतात.

खरं घोडं पेंड खातं ते नावापाशी. आपल्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये बहुतेकदा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. फॉर्म भरताना लोक मधलं नाव गाळतात, तिकिटावर तिसराच प्रकार आणि हॉटेलच्या बुकिंगवर नुसतं ‘सुनीता’. पासपोर्टवर छापलंय ते जसंच्या तसं, त्याच रकान्यात भरा. आधारवर काय आहे याच्याशी मोरोक्कोला देणंघेणं नाही. जुन्या शहरातल्या छोट्या रियादमध्ये, म्हणजे आत अंगण असलेल्या वाड्यातल्या हॉटेलात, राहणार असाल तर मालकाला निरोप पाठवून बुकिंगवर घरातल्या सगळ्यांची नावं घालून घ्या. व्हिसा दरडोई लागतो, मांडीवरच्या बाळालासुद्धा.

व्हिसावरचे १८० दिवस वाचून सहा महिने राहता येतं असं समजणारे कमी नाहीत. ती फक्त व्हिसाची मुदत. मुक्काम ३० दिवसांचा आणि प्रवेश एकदाच.

या ‘एकदाच’ने स्पेन-मोरोक्को जोडसहल करणाऱ्यांचे फार हाल होतात. स्पेनच्या तरीफा बंदरातून फेरीबोटीने तासाभरात मोरोक्कोतलं टँजियर, तिथून रेल्वेने फेझ, बेत झकास. पण परतीचं विमान माद्रिदहून असेल आणि शेंगेन व्हिसाही (स्पेनसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा) सिंगल एंट्रीचा, तर स्पेनमध्ये पुन्हा घेतच नाहीत. शेंगेन मल्टिपल एंट्रीचाच मागा. सेउता हे शहर नकाशात आफ्रिकेत दिसतं, तरी ते स्पेनचं. दुपारपुरतं तिकडे डोकावलात तरी मोरोक्कोचा व्हिसा संपला.

मंजुरीची पीडीएफ छापून जवळ ठेवा, नुसत्या मोबाइलवर विसंबू नका. आणि ड्रोन नेऊ नका, परवानगी नसेल तर विमानतळावरच काढून घेतात.