आणे-पैपासून शतमानापर्यंत : शाब्दिक उदाहरणांची पार्श्वभूमी

अपूर्णांक, गुणाकार आणि शतमान ही आज प्राथमिक अंकगणितातील तीन स्वतंत्र प्रकरणे आहेत. प्रत्येक प्रकरणातली उदाहरणे सोडवणारी मुले तिन्ही एकाच शाब्दिक उदाहरणात आली की अडखळतात, हा बहुतेक शिक्षकांचा अनुभव आहे. या तुटकपणाची मुळे शोधताना अध्यापनपद्धतीइतकाच विचार नाण्यांचा आणि वजनमापांचा करावा लागतो.

शाब्दिक उदाहरणांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. ११५० सालच्या ‘लीलावती’त भुंग्यांच्या थव्याचे उदाहरण आहे. एक पंचमांश भुंगे कदंबाकडे गेले, एक तृतीयांश शिलीन्ध्राकडे, या दोहोंतील फरकाच्या तिप्पट कुटजाकडे आणि एक मागे उरला, तर एकूण भुंगे किती? उत्तर पंधरा येते. त्याच ग्रंथातले त्रैराशिक, म्हणजे तीन माहीत राशींवरून चौथी काढण्याची रीत, पुढे कित्येक शतके व्यवहारी हिशेबाचा कणा राहिले.

तथापि मराठी मुलखातल्या शाळेचे खरे वळण ठरवले ते बाजाराने. पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर अक्षरओळख झाली की पाढे सुरू होत, आणि त्यांत पूर्णांकांच्या पाढ्यांच्या जोडीला पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी हे अपूर्णांकांचे पाढेही असत. लिहिण्याची रीतही त्याला साजेशी होती. आकड्यापुढे एक उभा दंड म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. ‘३॥’ हे मुलाला साडेतीनच दिसे. अंश आणि छेद यांची ओळख होण्याच्या कितीतरी आधी अपूर्णांकाने गुणणे त्याच्या जिभेवर बसलेले असे.

या पाढ्यांना केवळ घोकंपट्टी म्हणणे अन्यायाचे आहे, हे एका उदाहरणावरून दिसेल. वजनी मण चाळीस शेरांचा, रुपया सोळा आण्यांचा आणि आणा बारा पैंचा. चाळीसला सोळाने भागले की अडीच येतात. म्हणून मणाचा भाव जितके रुपये, तितकेच आणे अडीच शेरांना पडतात. गुळाचा भाव मणाला १२ रुपये असेल, तर अडीच शेरांचे १२ आणे. पंधरा शेर म्हणजे सहा अडीचक्या, म्हणून सहा वेळा १२ आणे, म्हणजे ७२ आणे, अर्थात साडेचार रुपये. हाच हिशेब एकमान पद्धतीने, म्हणजे आधी एका शेराची किंमत काढून केला, तर १९२ आण्यांना ४० ने भागावे लागते आणि एका शेराला ४ आणे ९.६ पै अशी किंमत येते. अशी किंमत कोणत्याही नाण्यात चुकती करता येत नाही. एकमान पद्धत त्या काळी मागे का पडली असावी, याचे उत्तर बऱ्याच अंशी या ९.६ पैमध्ये आहे.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पाठोपाठ १९५८ ते १९६२ या काळात मेट्रिक वजनमापे टप्प्याटप्प्याने लागू झाली. हे संक्रमण गणिताच्या दृष्टीने सरळ नव्हते. एक आणा म्हणजे नेमके सव्वासहा पैसे. पण सव्वासहाचे नाणे नव्हते, म्हणून रूपांतराच्या तक्त्यात एका आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९ आणि चार आण्यांना २५ नवे पैसे ठरले. एकेका आण्याच्या तीन वस्तू तीन वेळा घेतल्या तर १८ पैसे, एकदम घेतल्या तर १९, हा फरक दुकानात भांडणाचा विषय होऊ शकत होता आणि वर्गात गुणाकाराच्या नियमालाच छेद देणारा होता. ‘नवा’ हे विशेषण १९६४ मध्ये गळाले.

मात्र नव्या नाण्यांमुळे एकमान पद्धत एकदम सुटसुटीत झाली. त्याच १२ रुपयांचे १२०० पैसे झाले आणि ४० ने भागून ३० पैसे हा स्वच्छ भाव मिळू लागला. त्यामुळे पुढच्या काळात पाठ्यपुस्तकांनी त्रैराशिकाऐवजी एकमान पद्धत पुढे आणली, हे समजण्यासारखे आहे. वादग्रस्त निर्णय दुसरा आहे. त्याच ओघात अपूर्णांकांचे पाढेही अभ्यासक्रमाबाहेर गेले. आणे गेले, शेर-छटाक गेले, मग दिडकी-अडीचकी कशासाठी, असा युक्तिवाद होता. पाठांतराचा जाच आणि छडीचा धाक कमी व्हावा हा हेतूही प्रामाणिक होता. पण पाढे ज्या नाण्यांसाठी घडले होते ती गेली, तरी दीडपट, अडीचपट आणि पाऊणपट या कल्पना व्यवहारात राहिल्याच. पाढे काढताना त्यांच्या जागी काय आणायचे हा प्रश्न पुरेसा विचारला गेला नाही, आणि अपूर्णांकाचा गुणाकार ‘अंश गुणिले अंश, छेद गुणिले छेद’ या नियमाच्या रूपाने थेट वरच्या इयत्तेत भेटू लागला. ‘६० चे तीन चतुर्थांश’ यातले ‘चे’ गुणाकार सुचवते, हे आज वेगळे शिकवावे लागते. पाऊणकी म्हणणाऱ्या मुलाला ते सांगावे लागत नव्हते.

शतमानाचे पाऊल याहून थोडे वेगळे पडले. शेकड्याचा हिशेब सावकारीत रुळलेला होताच. तिथे ‘दोन रुपये शेकडा’ म्हणजे दरमहा दोन, अर्थात वर्षाला चोवीस टक्के. पाठ्यपुस्तकांनी ‘द.सा.द.शे.’ (दर साल दर शेकडा) हा संक्षेप स्वीकारून काळाचा घोळ मिटवला, तो चांगलाच झाला. पिकाच्या अंदाजाची आणेवारी, म्हणजे पूर्ण पीक सोळा आणे धरून आलेल्या पिकाचे प्रमाण, तीही पैसेवारी झाली. पूर्वीची आठ आणे आणेवारी आताची पन्नास पैसे. पन्नासच्या आतली पैसेवारी म्हणजे टंचाईची खूण, हे शेतकऱ्याच्या घरातले मूल ऐकूनच मोठे होते. तरी शतमानाच्या प्रकरणात पैसेवारीचे उदाहरण क्वचितच आढळते. तिथे भेटतात ते परीक्षेतले गुण आणि दुकानातली सूट.

ही सूटही सोपी ठरलेली नाही. २०१७ मध्ये देशातील निवडक जिल्ह्यांत १४ ते १८ वयोगटातील ग्रामीण मुलामुलींची एक मोठी पाहणी झाली. तीत तीनशे रुपयांच्या टी-शर्टवर दहा टक्के सूट असेल तर किती पैसे द्यावे लागतील, असा प्रश्न होता. अचूक उत्तर देणारे निम्म्याहून कमी निघाले. पाहणीतल्या अनेकांची शाळेची आठ वर्षे पूर्ण झालेली होती.