पत्ता बदलला की ॲलर्जीही बदलते

पावसाळा लागला की ठाण्यात, ऐरोलीत, नेरुळमध्ये कितीतरी घरांत सकाळ शिंकांनीच उजाडते. बोल लावला जातो गारव्याला. खरा संशयित बऱ्याचदा गादीत असतो : डस्ट माइट. जेमतेम पाव-अर्धा मिलिमीटरचा हा आठ पायांचा जीव आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतो. पाणी पीत नाही, हवेतला ओलावाच शोषतो. सापेक्ष आर्द्रता बराच काळ ५० टक्क्यांखाली राहिली तर सुकून मरतो. खाडीकाठच्या हवेत ती वेळ फारशी येत नाही. त्यात भिंतीला टेकलेला बॉक्स-बेड, खाली कोंबलेल्या रजया आणि चार महिने ऊन न पाहिलेली गादी!

ॲलर्जीचा कल बऱ्याच अंशी आनुवंशिक असतो. ती कशाची होणार, यात मात्र आसपासच्या हवेचा मोठा वाटा. उत्तर युरोपात बर्चचे पराग छळतात, भूमध्य समुद्राकाठी ऑलिव्हचे. जपानमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर डोंगरच्या डोंगर सुगी (जपानी सीडर) वृक्षांनी भरले आणि आता दर वसंतात लाखो जपानी नाक पुसत असतात.

म्हणून ॲलर्जीच्या तपासणीत कोणते पदार्थ घ्यायचे, ती यादी स्थानिक हवी, असं मला ठामपणे वाटतं. प्रिक टेस्टमध्ये हातावर पेनाने आकडे घालतात, प्रत्येकाशेजारी एकेका संशयित पदार्थाच्या अर्काचा थेंब ठेवतात आणि थेंबातून हलकेच टोचतात. पंधरा-वीस मिनिटांत जिथे गांधी उठते तिथे ती पट्टीने मोजायची. नुसत्या सलाइनच्या थेंबाने उठलेल्या गांधीपेक्षा ती निदान ३ मिलिमीटरने मोठी असेल, तर त्या पदार्थाविरुद्ध आयजीई प्रतिपिंडं, म्हणजे ॲलर्जी घडवणारी प्रतिपिंडं, अंगात आहेत असं धरतात. ठाणेकराच्या यादीत बर्च आहे आणि झुरळ नाही, तर त्या टोचण्यांचा उपयोग किती?

पण गांधी उठली म्हणजे आजार झालाच, असंही नाही. माइट, झुरळ आणि कोळंबी या तिघांतही ट्रोपोमायोसिन नावाचं जवळपास सारखं प्रथिन असतं. त्यामुळे माइटविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं कधीकधी कोळंबीच्या थेंबालाही ओळख देतात. आयुष्यभर सुखाने कोळंबी खाल्लेल्या माणसाने केवळ या रिपोर्टवरून ती सोडावी, याचं मला फार वाईट वाटतं. आधी डॉक्टरांना विचारा. मात्र कोळंबी खाल्ल्यावर एकदा जरी ओठ सुजले असतील किंवा घसा आवळला असेल, तर घरी पुन्हा खाऊन बघू नका.