डोळ्यावरची नागीण आणि डोळ्याचा हर्पिस: गोळी एक, आजार दोन

दोन्हींच्या नावात ‘हर्पिस’ आहे, आणि दोन्हींवर बहुतेकदा असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषधच लिहून देतात. त्यामुळे घरातल्या एकाला दिलेलं औषध दुसऱ्याच्या लाल डोळ्यात घालण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण यात नजर जाऊ शकते.

नागीण (हर्पिस झोस्टर) हा कांजिण्यांच्याच विषाणूचा आजार. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो आणि वय वाढलं किंवा प्रतिकारशक्ती घटली की उठतो. आधी दोन-तीन दिवस कपाळाची एकच बाजू जळजळते, केसांतून फणी फिरवणंही नकोसं होतं. मग फोड येतात, तेही कपाळाची मधली रेषा न ओलांडता. नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला तर तातडीने नेत्रतज्ज्ञ गाठा. तिथे जाणाऱ्या मज्जातंतूचीच शाखा डोळ्यातही जाते. या खुणेला हचिन्सनची खूण म्हणतात. मात्र नाक स्वच्छ आहे म्हणून डोळा सुटला, असं समजू नका.

डोळ्याचा हर्पिस (सिम्प्लेक्स) हा तापानंतर ओठावर फोड आणणाऱ्या विषाणूचा. तो तरुणांनाही होतो, पुन्हा पुन्हा त्याच डोळ्याला होतो, आणि कित्येकदा कातडीवर काहीच दिसत नाही. डोळा लाल होतो, पाणी येतं, उजेड सोसत नाही. साहजिकच डोळे आलेत असं वाटतं.

खरा फरक दिसतो स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली. डोळ्यात फ्लुओरेसिन रंग सोडून निळा प्रकाश टाकला की सिम्प्लेक्समध्ये कॉर्नियावर (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर) झाडाच्या फांदीसारखी हिरवी जखम उजळते, टोकांना बारीक गाठी असलेली. नागिणीतही फांद्या दिसतात, पण त्या खोलगट जखमा नसून वर आलेले चट्टे असतात; रंग फिका धरतात आणि टोकांना गाठी नसतात.

उपचारांची वाट इथेच फुटते. नागिणीत मोठ्या माणसाला असायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा, सात ते दहा दिवस. शक्यतो फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू. उशीर झाला तरी डोळ्याला झळ पोहोचली असेल तर डॉक्टर औषध देतातच. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा कमी करावी लागते. सिम्प्लेक्सच्या वरवरच्या जखमेला डोळ्यात घालायचं गॅनसायक्लोव्हिर जेल पुरतं, किंवा असायक्लोव्हिरच्या ४०० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसातून पाच वेळा.

सगळ्यात जपून राहायचं ते स्टिरॉइडच्या थेंबांपासून. नागिणीने डोळ्याच्या आत सूज आणली तर तेच थेंब नजर वाचवतात, अर्थात डॉक्टरांच्या देखरेखीखाली. सिम्प्लेक्सची फांदी उघडी असताना तेच घातले तर जखम पसरत जाते. लाल डोळ्याला मनाने घेतलेले थेंब म्हणूनच मला सर्वांत जास्त भीतीदायक वाटतात.

पुढचा त्रासही वेगळा. नागिणीचे फोड सुकल्यावर कपाळ महिनोन्‌महिने ठणकू शकतं. त्यावर गॅबापेन्टिनसारखी औषधं असतात. सिम्प्लेक्स वारंवार उलटत असेल तर असायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा वर्षभर देतात. पन्नाशीनंतर नागिणीची लस दोन डोसांत घेता येते. सिम्प्लेक्सवर अशी लस अजून नाही.